पश्चिमेकडे निघालेल्यांच्या रोजनिशा कशा वाचाव्यात

एकोणिसाव्या शतकात मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्ससारख्या गावांतून बैल जुंपून ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या अमेरिकन कुटुंबांनी रोजनिशा, पत्रे आणि आठवणी यांचा मोठा साठा मागे ठेवला आहे. तो वाचायला घेताना काय घडले हे विचारण्याआधी, घडल्यानंतर किती काळाने ते लिहिले गेले हे विचारावे. समकालीन पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांतील फरक मराठी वाचकाला नवा नाही. येथेही तोच लावायचा आहे.

सरावासाठी डॉनर तांड्याइतके चांगले उदाहरण नाही. १८४६ मध्ये लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याने सुचवलेल्या आडवाटेने गेलेला हा तांडा सिएरा नेवाडा पर्वतात बर्फात अडकला आणि त्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. पॅट्रिक ब्रीन यांनी २० नोव्हेंबर १८४६ ते १ मार्च १८४७ या काळात त्या छावणीतच रोजनिशी लिहिली. वाचताना ती प्रथम हवामानाची नोंदवही वाटते: वारा कोणत्या दिशेचा, बर्फ किती पडला, सरपण मिळाले की नाही, खायला गुरांची कातडी किती उरली. फेब्रुवारीच्या अखेरीस, त्याच कोरड्या सुरात, एक शेजारीण मेलेल्या माणसाचे मांस खाण्याची भाषा करू लागल्याची नोंद येते. रोजनिशी चाळून चित्तथरारक तेवढेच उचलणाऱ्याला ही ओळ सापडेल, पण तिचे वजन कळणार नाही. ते आधीच्या कंटाळवाण्या पानांमुळेच कळते.

आता याच तांड्यातील व्हर्जिनिया रीडचे पत्र शेजारी ठेवावे. १६ मे १८४७ रोजी, सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत, तेरा वर्षांच्या या मुलीने ते आपल्या मामेबहिणीला लिहिले. आपल्या कुटुंबाने नरमांस खाल्ले नाही, असे ती त्यात आवर्जून सांगते, आणि आडवाटेला जाऊ नका, होईल तितकी घाई करा, असा सल्लाही देते. मूळ कागदावर तिच्या सावत्र वडिलांच्या हस्ताक्षरातील भरही दिसते. म्हणजे हे पत्र एकट्या मुलीचे नाही, आणि घराण्याच्या अब्रूची काळजी त्यात आहेच. पुढे १८९१ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी, तिने छापील आठवणी लिहिल्या. तोवर ही शोकांतिका देशभर माहीत झालेली होती. तिन्ही मजकूर एकाच घटनेचे असले, तरी एक स्वतःसाठी, दुसरा नातलगासाठी आणि तिसरा जनतेसाठी लिहिलेला आहे. वहीत तीन रकाने आखून एकच प्रसंग तिन्हींत शोधावा आणि जेथे तो एखाद्या रकान्यात गायब होतो तेथे खूण करावी.

न लिहिलेल्या गोष्टींकडे लक्ष देणे हे कौशल्य सर्वांत उशिरा येते. अमेलिया स्टुअर्ट नाइट या १८५३ मध्ये पती आणि सात मुलांसह आयोवाहून ऑरेगनला गेल्या. पाऊस, चिखल, आजारपण, मेलेली गुरे यांच्या नोंदी त्या रोज करतात, पण संपूर्ण प्रवासभर आपण गरोदर आहोत हे स्पष्टपणे सांगत नाहीत. शेवटी आठव्या मुलाच्या जन्माची नोंद येते तेव्हाच ते उमगते. मग मागे वळून आजारपणाच्या नोंदी पुन्हा वाचाव्या लागतात.

लेखकाची भीती आणि प्रत्यक्ष धोका हेही वेगळे ठेवावेत. रोजनिशांमध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्याची धास्ती जागोजागी आढळते. इतिहासकार जॉन अनरूह यांच्या मोजणीनुसार १८४० ते १८६० या काळात त्यांच्या हातून ३६२ स्थलांतरित मारले गेले, तर स्थलांतरितांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. पटकी, नदीत बुडणे आणि स्वतःच्याच बंदुकीचे अपघात यांनी याहून कितीतरी अधिक बळी घेतले.

ही कुटुंबे पश्चिमेत जमीन घेऊन स्थायिक झाली त्या काळासाठी सरकारी दप्तर उपयोगी पडते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार सरकारी जमीन मालकीची होण्यासाठी १६० एकरांपर्यंतच्या तुकड्यावर पाच वर्षे राहून ती कसल्याचा पुरावा द्यावा लागे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील त्या प्रकरणांत घराचा आकार, लागवडीखालचे एकर आणि साक्षीदारांचे जबाब मिळतात. पत्रातील ‘सुंदर घरटे’ कागदावर एका खोलीचे निघाले, तर पत्र खोटे ठरवण्याची घाई करू नये. घरच्यांनी काळजी करू नये म्हणूनही माणसे असे लिहीत. उलट, जमीन हवी असलेल्या माणसाचा जबाबही निःस्वार्थ नसतो.

ही ‘मोकळी’ जमीन आधी कोणाची होती, हे या कागदांतून जवळजवळ कळतच नाही. त्यासाठी मूळ रहिवाशांपैकी उत्तर पायूट जमातीच्या सारा विनेमुका यांचे १८८३ मधील आत्मकथन वाचावे. गोरे लोक येत आहेत असे कळल्यावर आईने आपल्याला मानेपर्यंत वाळूत पुरले, चेहऱ्यावर झुडपांची सावली केली आणि रात्रीपर्यंत तसेच ठेवले, असे त्या सांगतात. हेही मागाहून, इंग्रजी वाचकांसाठी आणि आपल्या लोकांची बाजू मांडण्यासाठी लिहिलेले आहे. म्हणून ब्रीन आणि रीड यांना लावलेलेच प्रश्न त्यालाही लावावेत. मात्र ते वाचून झाल्यावर एखादी रोजनिशी पुन्हा उघडावी, आणि ‘आज कोणीही दिसले नाही’ अशी नोंद आली तर त्या दिवशीचे ठिकाण नकाशावर शोधून ते कोणाच्या प्रदेशात होते ते पाहावे.