थर्मामीटर फुटून पारा सांडला तर काय करायचं

आधी बघा तो पाराच आहे का. आत लाल किंवा निळं काही असेल तर ते रंगवलेलं अल्कोहोल, काच उचला, फडक्याने पुसा, विषय संपला. चंदेरी असेल आणि गोळ्या होऊन पळत असेल तर पारा समजूनच चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झाडू घेऊ नका. पारा उणे 39 अंशाला गोठतो त्यामुळे घरात तो कायम पातळच, आणि पृष्ठताण एवढा जबरदस्त की फरशीवर पसरायच्या ऐवजी गोळ्या करतो, झाडू मारला की एकीच्या शंभर होतात आणि जितक्या बारीक गोळ्या तितकी वाफ जास्त. या वाफेला रंग नाही वास नाही, आणि खरा धोका तिचाच आहे. गिळलेला पारा आतड्यातून जवळपास शोषलाच जात नाही, श्वासातून गेलेल्या वाफेचा मात्र साधारण 80 टक्के भाग शरीरात राहतो (तरी मुलाने गिळला तर डॉक्टरांना फोन कराच, सोबत काचही गेलेली असू शकते). व्हॅक्युम क्लीनर तर झाडूहून वाईट, वाफ खोलीभर फेकतो आणि मशीन पण बाद.

तर मुलं, कुत्री-मांजरं बाहेर काढा, कोणाच्या चपलेला लागलंय का बघा. खोलीचं दार लावा, खिडक्या सताड उघडा, पंखा आणि एसी बंद.

अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. पारा सोन्यात मुरतो, सोनं पांढरं पडतं. छोट्या खाणींत मातीतून सोनं वेगळं करायला हाच गुण वापरतात, आणि दातातल्या चांदीच्या फिलिंगमध्ये पण निम्मा पाराच असतो.

मग रबरी ग्लोव्हज घाला. काचा जाड कागदावर उचलून घ्या. दोन कडक कार्डांनी गोळ्या हळूहळू एकमेकींकडे ढकला, जवळ आल्या की आपोआप एक होतात (हे बघायला मस्त वाटतं, पण खेळत बसू नका), मग ड्रॉपरने ओढून घट्ट झाकणाच्या बाटलीत. नंतर लाइट घालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, फटीतले कण चमकतात, ते चिकटपट्टीने टिपा. गंधकाची पूड असेल तर फटीत भुरभुरवा, ती पाऱ्याशी बांधली जाते आणि वाफ कमी होते.

ड्रॉपर, कार्डं, ग्लोव्हज, पट्ट्या, सगळं पिशवीत सील करा, पिशवी-बाटलीवर ‘पारा’ लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. बेसिनमध्ये ओतायचा मोह होईल, पण तो पाण्याच्या साडेतेरा पट जड, वाहून जातच नाही, खालच्या वाकड्या पाइपात बसून वाफ सोडत राहतो. कपड्यांवर सांडला असेल तर ते वॉशिंग मशीनमध्ये नको, त्याच पिशवीत टाका. खिडक्या निदान 24 तास उघड्या ठेवा.

हे सगळं थर्मामीटरपुरतं, त्यात ग्रॅमभर पारा असतो. जुन्या उभ्या बीपी मशीनमध्ये शंभरेक ग्रॅम असू शकतो, ते फुटलं तर स्वतः हात लावू नका, दार लावून बाहेर या आणि माहितगार माणसं बोलवा.