पूल बंद झाल्यावर कुठलं दुकान आपलं? पुराची बेगमी आपल्याच भागातून कशी करायची

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडच्या बाजूला, म्हणजे पूर हा घरचाच पाव्हणा. 2005 बघितला, 2019 बघितला, 2021 ला परत तेच. 2019 ला मी लई शहाणपणा करून जुलैच्या शेवटी सोलरचे चार दिवे आणि पाण्याची घडीची टाकी ऑनलाइन मागवली होती. तिकडं शिरोलीजवळ हायवेवर पाणी, ट्रकच्या रांगाच रांगा, आणि आम्ही इकडं शाळेच्या खोलीत मेणबत्ती लावून बसलेलो. पार्सल सप्टेंबरात आलं. दिवे चांगले होते.

तेव्हापासून माझा नियम असा की आधी पाणी बघायचं मग दुकान बघायचं. एका कागदावर गावाचा साधा नकाशा काढा, कुठला ओढा आधी भरतो, कुठला पूल बंद होतो हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्यावर मांडा, आणि मग पुलाच्या अलीकडं काय राहतं ते बघा. आमच्याकडनं जयसिंगपूर जवळ, इचलकरंजीपण जवळ, एरवी बाजार तिथलाच, पण मध्ये पंचगंगा आहे, पूल बंद झाला की दोन्ही गावं आमच्यासाठी मुंबईइतकी लांब. म्हणून जे पलीकडं मिळतं ते मे महिन्यातच, मिरगाच्या आधी आणून ठेवायचं, आणि पावसात लागेल तसं घ्यायचं ते फक्त अलीकडच्या आणि उंचावरच्या माणसाकडनं. सगळी यादी ह्या दोन खान्यांत बसवायची.

आता पाणी. पुरात पहिली बोंब पिण्याच्या पाण्याचीच असते, 2019 ला कोल्हापूर शहराचीपण पाणी उपसायची पंपिंग स्टेशनं बुडाली आणि नळ बंद, तिथं आपलं काय. साठवायला 200 लिटरचे निळे ड्रम भंगारवाल्याकडं नव्याच्या मानानं स्वस्तात मिळतात, पण डोळे झाकून घेऊ नका. आत आधी काय होतं हे विचारा, ड्रमवरचं लेबल बघा, लेबल खरवडून काढलेलं असलं तर तो ड्रम सोडून द्या. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांकडनं निघालेले ड्रम भरपूर येतात, ते रंगाचे आणि केमिकलचे, कितीही धुतले तरी प्लास्टिक वास धरतं, त्यात फारतर शेणकाला कालवा. खायच्या तेलाचे, लोणच्याचे, मिठाईवाल्यांकडचे ड्रम शोधा, आचारी आणि केटरिंगवाल्यांना हे पत्ते पाठ असतात. आणलेल्या ड्रममध्ये गरम पाणी घालून झाकण लावून रात्रभर ठेवा, सकाळी नाक लावा, वास आला तर परत.

टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, दुकानात शोधत बसू नका, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो ना, विहिरीत आणि टाकीत टाकतो तो, त्याच्याशी ओळख ठेवा आणि किती पाण्याला किती टाकायची हे त्याच्याकडनंच लिहून घ्या, अंदाजानं टाकायची वस्तू नव्हे ती. घरच्या पाण्याला क्लोरीनच्या गोळ्या आशाताईंकडं किंवा आरोग्य केंद्रात मिळतात, एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर वाचा. ओआरएसपण तिथंच मागा. आणि लाइट गेल्यावर बोअरची मोटर काय कामाची, उंचावर चालू हातपंप कुठं आहे तो नकाशावर लाल पेनानं मारा.

जळण. रॉकेल मिळायचं जवळजवळ बंदच झालंय, जुना स्टो शोभेला. 5 किलोचा छोटा सिलिंडर गॅस एजन्सीत आणि काही पंपांवर ओळखपत्रावर मिळतो, उचलून माळ्यावर ठेवता येतो, मला तरी तोच बरा वाटतो. शेणी (गोवऱ्या) उन्हाळ्यातच विकत घेऊन कोरड्या जागी रचा, श्रावणात वाळकी शेणी कुणी दाखवली तर मी बक्षीस देईन.

ताडपत्री कृषी सेवा केंद्रात मिळते, घेताना जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते विचारा, हलकी ताडपत्री एका वाऱ्यात चिंध्या होते. पण माझा खरा सोर्स म्हणजे फ्लेक्स छापणारे. निवडणूक झाली की जुने फ्लेक्स चिल्लर किमतीत देतात, नाहीतर फुकट, आमच्या गोठ्यावर तीन पक्षांचे नेते शेजारी शेजारी हसत गुण्यागोविंदानं नांदतायत.

सोल (जाड दोर) आणि कासरे बैलांचं सामान विकणाऱ्याकडं घ्या, मजबूत असतात. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडं मिळते, सामान तरंगवत न्यायला चालते, पण माणसासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका आणि भरलेल्या होडीत तर बसूच नका, 2019 च्या पुरात माणसं घेऊन उलटलेली ब्रह्मनाळची होडी आठवा. माणसं हलवायची तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077 वर फोन, तेपण पाणी अंगणात यायच्या आधी.

खायचं सोपं आहे, आपल्या भागात काय कमी? चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, कांदा-लसूण चटणी, पाणी आणि गॅस नसला तरी पोट भरतं. चुरमुरे भट्टीवरनं पोत्यानं घ्या, दुकानापेक्षा स्वस्त. नेहमीच्या किराणावाल्याला आधीच सांगून ठेवा की लाइट-नेटवर्क गेलं तर वहीवर माल दे, कारण फोनवरनं पैसे जाणार नाहीत आणि एटीएम बंद. तरी थोडी सुटी नोट घरात पाहिजेच.

सगळ्यात अवघड जनावरांचं. माणूस चुरमुऱ्यावर राहील, म्हैस नाही राहत. उसाचं वाडं त्या महिन्यात नसतं, ओली वैरण पाण्याखाली, आणि कडबावाला दर दुप्पट सांगतो. आम्ही जत-मंगळवेढ्याकडचा कडबा उन्हाळ्यात येतो तेव्हाच गाडीभर घेतो, पण तो आमच्याकडं ठेवत नाही, आत्याचं घर माळावर आहे तिथं रचतो, बदल्यात तिच्या म्हशीलापण त्यातलाच. मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा डेअरीवाल्यांमार्फत मिळतात, हवाबंद असल्या तर महिनोन्महिने टिकतात, फक्त बॅगला उंदीर लागू देऊ नका. तर माळावरचा एक पाव्हणा प्रत्येकानं धरून ठेवा, नसला तर सोयरीक जुळवताना लक्षात घ्या (गंमत नाही, आमच्याकडं हे खरंच बघतात).

आणि निघायचं कधी? कोयना धरणाचा विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे सगळं मोबाइलवर येतंच, पण नरसोबाच्या वाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की बाकीची गर्दी अंघोळीला जाते आणि आम्ही जनावरं सोडून माळावर न्यायला लागतो. आत्याला फोन त्याच्या आदल्या दिवशी.

सगळे नंबर कागदावर लिहा, मोबाइल बंद पडतो. त्या कागदाची झेरॉक्स मी आता आत्याकडंच ठेवलीय, घरातली 2021 ला भिजली.