काटा चढतो, कूलंट कमी होतं, पण गाडीखाली थेंब नाही: माझा अनुभव

जुनी पेट्रोल गाडी. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की तापमानाचा काटा वर, होटगी रोडला वेग घेतला की खाली. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू कमी, केबिनमध्ये गोडसर वास, गाडीखाली मात्र कोरडं. रेडिएटरचं झाकण बदललं, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) बदलला, फरक नाही. सोलापूरचा एप्रिल, त्यात हे; डोकंही तापायचं.

गळती हीटरच्या होजला (रबरी पाइपला) होती, इंजिनमागे फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ. दाब वाढला की तडा उघडायचा आणि थेंब गरम इंजिनवरच वाळायचे. क्लिपजवळची पांढरट-हिरवी खूण, एवढाच पुरावा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट भांड्यात काढा (विषारी असतं, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा). क्लिप मागे सरकवा. होज ओढू नका, तो ज्यावर बसतो ती हीटरची नळी नाजूक असते. ब्लेडने लांबीत हलकी चीर देऊन सोलून काढा. नळीवरचा थर बारीक पॉलिश पेपरने घासा. नव्या होजवर आधी क्लिप चढवा, आतून थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं. क्लिप नळीचा उंचवटा ओलांडून मागे बसली पाहिजे.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी अजिबात नको. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. बुडबुडे थांबून पंखा लागेपर्यंत पातळी भरत राहा, मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी बघून क्लिप पुन्हा आवळा.

रेडिएटरचे वरचे-खालचे होज दाबल्यावर कुरकुरले, म्हणून तेही त्याच वेळी बदलले.