ऑपरेशननंतर लघवी पुन्हा गळू लागली? या चुका टाळा

खोकल्या-शिंकेसरशी लघवी गळते म्हणून बायकांवर करतात त्या ऑपरेशननंतर पुन्हा गळू लागलं, की "ऑपरेशन फुकट गेलं" असं धरून चालणं ही पहिली चूक. जुनी गळती थांबलेली असते आणि आता होते ती वेगळीच असू शकते. खोकताना सुटते, लघवीची कळ (अचानक घाई) आवरत नाही म्हणून सुटते, की मूत्राशय पूर्ण रिकामं न झाल्याने भरून वाहते, हे आधी ठरवा. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

त्यासाठी सलग ३ दिवस नोंद ठेवा. लघवी मापाच्या भांड्यात करून असं लिहा: 'सकाळी ८:४०, जोराची कळ, दाराशी पोचेपर्यंत सुटली, भांड्यात ६० मिली.' अशा नोंदी वारंवार असतील तर रोख कळेच्या गळतीकडे जातो. पॅड कोरडं आणि ओलं दोन्ही वेळा वजन करा. १ ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण १ मिली लघवी.

डॉक्टरांकडे लघवीची तपासणी आणि लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून घ्या. आत किती लघवी उरते हे न पाहता लघवीची घाई कमी करणाऱ्या गोळ्या सुरू करणं ही मोठी चूक. स्लिंगची पट्टी (ऑपरेशनमध्ये मूत्रमार्गाला आधार म्हणून बसवतात ती) घट्ट बसली असेल तर आधीच धार बारीक असते, कुंथावं लागतं. त्यात यातल्या काही गोळ्यांनी मूत्राशय आणखी सुस्तावतं आणि लघवी तुंबू शकते.

गळेल या भीतीने पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय चुरचुरतं, बद्धकोष्ठ होतं आणि कुंथण्याचा ताण थेट टाक्यांच्या जागी येतो. दुसऱ्या आजारासाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर ठेवा. कमी करायचे ते चहा-कॉफी.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम सर्जननी परवानगी दिल्यावरच. बऱ्याच जणी आवळण्याऐवजी खाली जोर लावतात, त्याने उलट नुकसान होतं. वारा सरू नये म्हणून आवळतो तसं आत-वर ओढा. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. निदान ८ वेळा, दिवसातून ३ दा, ३ महिने. लघवी करताना धार अडवून सराव करू नका.

"कळ नसली तरी जाऊन येते" ही सवयही सोडा, थोड्याशा लघवीलाच कळ येऊ लागते. कळेच्या गळतीत दोन फेऱ्यांमधलं अंतर १५-१५ मिनिटांनी वाढवत न्या.

दिवसरात्र न थांबता ठिबकणं, लघवीत किंवा योनीतून रक्त, ताप, संबंधाच्या वेळी टोचणं: यांत व्यायाम करत बसू नका, लगेच दाखवा. लघवी अजिबात होत नसेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.