व्हीएमसीवर वर्क झिरो: कॅममधल्या सेटअपपासून जी५४ च्या रकान्यापर्यंत

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकच्या फिटिंगच्या साच्यांचे इन्सर्ट, पाइपच्या डायचे भाग आणि डाळमिलच्या यंत्रांचे सुटे भाग पुष्कळदा एकाच व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या संगणकीय मिलिंग मशीनवर, एकाच दिवसात होतात. अशा ठिकाणी जॉबचा झिरो, म्हणजे प्रोग्राममधली सगळी मापे ज्या बिंदूपासून मोजतात तो शून्यबिंदू, कुठे आहे हे ज्याच्या त्याच्या डोक्यात राहिले, की दुसऱ्या पाळीची अडचण ठरलेली. झिरो प्रोग्राम करणाऱ्याने ठरवायचा आणि सेटअप शीटवर लिहून द्यायचा. मशीनवर जॉब लावणाऱ्या सेटरने तो मशीनवर घ्यायचा, शोधत बसायचा नाही.

मशीनला स्वतःचा एक झिरो असतो, त्याला आपण होम म्हणतो, आणि तो हलत नाही. प्रोग्राममधला शून्यबिंदू त्या होमपासून किती अंतरावर आहे, तेवढाच आकडा कंट्रोलच्या ऑफसेट पानावर जी५४ च्या रकान्यात असतो, आणि प्रोग्राममध्ये जी५४ हा कोड आला की मशीन तो वापरते. फानुक कंट्रोलवर जी५४ ते जी५९ असे सहा रकाने मिळतात. त्याहून जास्त लागले तर जी५४.१ पी१ ते पी४८ हा पर्याय घेता येतो, आणि हास कंपनीच्या मशीनवर त्यासाठी जी१५४ पी१ ते पी९९ आहेत. बहुतेक व्हीएमसीचे होम अक्षांच्या धन टोकाला असल्याने एक्स आणि वायचे आकडे ऋण येतात, म्हणून अशा मशीनच्या रकान्यात अधिक चिन्हाचा आकडा दिसला तर सायकल स्टार्ट दाबण्याआधी थांबावे.

कॅममध्ये, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, काम सुरू करताना पहिला प्रश्न टूलपाथचा (टूलच्या वाटेचा) नसून ऑफसेटच्या क्रमांकाचा आहे. फ्यूजन या कॅममध्ये सेटअपच्या पोस्ट प्रोसेस टॅबवर ऑफसेट १ दिला तर जी५४ निघतो आणि २ दिला तर जी५५. ० तसाच ठेवला तर बहुतेक पोस्ट (टूलपाथचा मशीनच्या कोडमध्ये प्रोग्राम काढणारे भाग) इशारा देऊन जी५४ घेतात. मास्टरकॅम या दुसऱ्या कॅममध्ये मात्र मोजणी शून्यापासून होते, म्हणजे ० म्हणजे जी५४ आणि १ म्हणजे जी५५. या एका आकड्याच्या फरकाची किंमत मी स्वतः मोजली आहे. टेबलावर दोन व्हाईस (जॉब पकडायचे शिकंजे) होत्या, जॉब पहिल्या व्हाईसमध्ये होता, आणि फ्यूजनच्या सवयीने मी मास्टरकॅममध्ये १ टाकला. प्रोग्राम जी५५ ने निघाला, त्या रकान्यात आधीच्या आठवड्यातल्या कामाचे आकडे तसेच पडून होते, आणि १२ मिलिमीटरचे एंडमिल दुसऱ्या व्हाईसच्या जबड्यात सरळ खाली उतरले. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून पोस्ट केल्यावर फाइल उघडून पहिल्या टूलच्या ओळीत कोणता जी कोड आला आहे हे डोळ्यांनी वाचल्याशिवाय ती मशीनकडे पाठवायची नाही, असा माझा नियम आहे.

शून्यबिंदू जॉबच्या कोणत्या कडेवर ठेवायचा, हे ड्रॉइंगवरच्या मापांइतकेच पकडीवरही ठरते. व्हाईसमध्ये वायचा झिरो नेहमी फिक्स जबड्याला टेकणाऱ्या बाजूवर ठेवावा, कारण कच्च्या पट्टीची रुंदी अर्धा मिलिमीटर कमीजास्त झाली तरी ती बाजू जागा सोडत नाही, सरकणारा जबडा मात्र प्रत्येक जॉबला वेगळ्या ठिकाणी थांबतो. एक्सचा झिरो त्याच न्यायाने स्टॉपरच्या, म्हणजे जॉबचे टोक टेकवायच्या अडणीच्या, बाजूला असावा. दुसऱ्या सेटिंगसाठी जॉब उलटताना तो कोणत्या अक्षाभोवती उलटणार हे कॅममध्येच ठरवून घ्यावे. वाय अक्षाभोवती उलटला तर फिक्स जबड्याची बाजू तीच राहते आणि फक्त स्टॉपरची कड डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून त्या सेटअपमध्ये एक्सचा झिरो आणि प्रत्यक्ष स्टॉपर दोन्ही उजवीकडे न्यावे लागतात. एक्स अक्षाभोवती उलटला तर स्टॉपरची कड तीच राहते, पण फिक्स जबड्यावर समोरची बाजू येते आणि पट्टीच्या रुंदीतली सगळी चूक छिद्रांच्या जागेत उतरते. शक्य असेल तिथे मी वाय अक्षाभोवतीच उलटवतो. झेडचा झिरो पहिल्या सेटिंगला कच्च्या मालाच्या वरच्या पृष्ठावर चालतो. दुसऱ्या सेटिंगला मात्र तो खाली व्हाईसमधल्या पॅरलल (समांतर आधाराच्या) पट्टीवर बसलेल्या, मशीन झालेल्या पृष्ठावर घ्यावा, नाहीतर जाडीचे माप साधत नाही.

आता मशीनवर. १० मिलिमीटर टोकाचा एज फाइंडर, म्हणजे कड शोधायचे साधन, सुमारे ५०० आरपीएमवर फिरवून जॉबच्या डाव्या बाजूला हळू न्यावा. टोक आधी डगमगते, मग सरळ फिरू लागते, आणि पुढच्या शतांश मिलिमीटरला एकदम बाजूला सरकते. त्या क्षणी हँडव्हील सोडावे. समजा तेव्हा मशीन पोझिशन उणे ४१२.३५० आहे. स्पिंडलचे केंद्र कडेच्या ५ मिलिमीटर डावीकडे आहे, म्हणून कड उणे ४०७.३५० वर आहे, आणि जी५४ च्या एक्समध्ये हाच आकडा यायला हवा. फानुकवर हा हिशेब हाताने करण्याची गरज नाही: कर्सर जी५४ वर नेऊन एक्स-५.० टाइप करून मेजर दाबले की झाले. ५ नंतरचे टिंब विसरू नये, कारण अनेक मशीनवर टिंबाशिवायचा ५ म्हणजे ५ मायक्रॉन धरला जातो. उजव्या कडेला टेकवले असेल तर चिन्ह अधिक होते, आणि नवा मुलगा चुकतो तो बहुतेक इथेच.

झेडच्या दोन पद्धती आहेत आणि त्या कधीही एकत्र करू नयेत. पहिलीत जी५४ चा झेड शून्य ठेवून प्रत्येक टूल जॉबवर टेकवतात आणि ते ऋण अंतर टूलच्या एच रकान्यात (टूलच्या लांबीच्या ऑफसेटमध्ये) भरतात. दुसरीत टूल सेटर या मोजायच्या साधनावर टूलची खरी लांबी मोजून एचमध्ये धन आकडा भरतात आणि जॉबची उंची जी५४ च्या झेडमध्ये घेतात. जॉब रोज बदलणाऱ्या दुकानात दुसरी बरी, कारण नवा जॉब आला की २० टूल पुन्हा टेकवावी लागत नाहीत, फक्त झेडचा एक आकडा बदलतो.

ऑफसेटच्या पानावर सर्वांत वर ईएक्सटी नावाचा रकाना असतो, आणि त्यातला आकडा सगळ्या जी५४ ते जी५९ मध्ये मिळवला जातो. हवेत ट्रायल घ्यायला त्यात झेड ५० टाकणारे बरेच असतात. ट्रायल झाल्यावर तो शून्य करण्याची जबाबदारी ज्याने टाकला त्याचीच. चालू जागेलाच नवा आकडा देणारा जी९२ हा कोड वापरू नये, कारण तोही सगळे ऑफसेट एकदम सरकवतो आणि ऑफसेटच्या पानावर त्याचा पत्ता लागत नाही. फिक्स्चर कायमचे असेल तर त्याचे आकडे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावेत: जी९० जी१० एल२ पी१ एक्स-४०७.३५० वाय-२२१.१०० झेड-३१८.४००. इथे पी१ म्हणजे जी५४. जी९० (थेट आकडे) गाळून मशीन जी९१ (वाढीव आकडे) मध्ये राहिले असेल, तर हेच आकडे जुन्या आकड्यांत मिळवले जातात.

आपल्याकडचा मे महिनाही हिशेबात धरावा लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत १५ अंशांचा फरक पडला, तर ३०० मिलिमीटर लांबीचे पोलाद सुमारे ५० मायक्रॉन वाढते, आणि सतत चालणारा स्पिंडल स्वतः लांबतो ते वेगळेच. साच्याच्या कामात सकाळी घेतलेला झिरो जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासावा, आणि पहिला झिरो घेण्याआधी स्पिंडल १५-२० मिनिटे फिरवून घ्यावा.

कटिंग सुरू करण्याआधीची तपासणी एमडीआयमध्ये, म्हणजे कंट्रोलवर हाताने ओळी टाइप करून चालवण्याच्या मोडमध्ये, होते. जी५३ जी० झेड० देऊन टूल वर घ्यावे, जी९० जी५४ जी० एक्स० वाय० देऊन कोपऱ्यावर न्यावे, मग रॅपिड ओव्हरराइड (जलद हालचालीचा वेग) कमीत कमी ठेवून जी४३ एच१ झेड१००.० द्यावे आणि स्टीलची पट्टी उभी धरून टूल आणि झेडचा झिरो घेतलेले पृष्ठ यांच्यातले अंतर मोजावे. ते १०० मिलिमीटर भरले नाही तर एच, झेड किंवा ईएक्सटी यांपैकी एकात चूक आहे. प्रोग्राममध्ये जी५५ आणि जी५६ असतील तर प्रत्येकासाठी हेच पुन्हा करावे.