शंभर वर्षांपूर्वीचा कॉलेज फुटबॉल सीझन कसा वाचायचा (मिशिगन 1901 घेऊन)

इकडे अमेरिकेत पोरं कॉलेजला गेली की घरात फुटबॉल (अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळायचा) शिरतोच, आणि मग कोणीतरी सांगतं की मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमने 1901 ला 550-0 असा सीझन काढला, म्हणजे सगळ्या मॅचेस मिळून स्वतःचे 550 पॉइंट आणि समोरच्यांचा एकही नाही. पहिल्यांदा ऐकलं तर खरं वाटत नाही. पण जुना सीझन नीट वाचायची एक पद्धत आहे, ती एकदा बसली की खूप मजा येते, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी आजचे नियम बाजूला ठेवा. हे फार महत्त्वाचं, आपण नाही का जुनी ऑस्ट्रेलियातली मॅच बघताना ओव्हर आठ बॉलची होती हे लक्षात ठेवतो, तसंच. 1901 ला टचडाउनचे (बॉल घेऊन समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे पोचणं) 5 पॉइंट, त्यानंतरच्या किकचा 1, फील्ड गोलचेही (खेळ चालू असताना किक मारून केलेला गोल) 5 आणि सेफ्टीचे (बॉलवाल्याला त्याच्याच गोल लाइनमागे अडवणं) 2. टचडाउनचे 6 झाले ते 1912 पासून. फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकणं, तर 1906 पर्यंत चालतच नव्हतं, आणि तीन डाउनमध्ये (डाउन म्हणजे एक प्रयत्न) फक्त 5 यार्ड पुढे जायचं होतं, त्यामुळे सगळा खेळ ढकलाढकलीचा आणि धावण्याचा.

मग कागद घ्या आणि मॅचेस हाताने लिहून काढा, कॉपी पेस्ट नको. अल्बियन 50, केस 57, इंडियाना 33, नॉर्थवेस्टर्न 29, बफेलो 128, कार्लाइल 22, ओहायो स्टेट 21, शिकागो 22, बेलॉइट 89, आयोवा 50, स्टॅनफर्ड 49. समोर सगळीकडे शून्य. बेरीज करा, बरोबर 550 येते. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी एखादी मॅच सुटलीय किंवा आकडा चुकलाय, आणि असं लिहिताना प्रतिस्पर्धी कोण होते ते पण आपोआप डोक्यात बसतं. अल्बियन, बेलॉइट ही छोटी कॉलेजं, त्यामुळे 89 बघून हुरळून जाऊ नका, माझ्या मते या सीझनची खरी ताकद त्या 21 आणि 22 वाल्या मॅचेसमध्ये दिसते.

आता 22 फोडून बघा. चार टचडाउन आणि दोन किक म्हणजे 22, आणि तीन टचडाउन, एक फील्ड गोल, दोन किक म्हणजे पण 22. म्हणजे नुसत्या स्कोअरवरून मॅच कशी झाली ते कळत नाही, त्यासाठी त्या दिवसाच्या पेपरातली बातमीच वाचावी लागते. मिशिगन डेलीचे जुने अंक ऑनलाइन आहेत आणि अ‍ॅन आर्बरच्या बेंटली लायब्ररीत टीमचे रेकॉर्ड्स ठेवलेत, तिथून सुरुवात करा.

स्टॅनफर्डची मॅच मात्र सावकाश वाचा. 1 जानेवारी 1902, पासाडेना, पहिला रोझ बोल (नवीन वर्षाच्या दिवशीची खास मॅच). मिशिगनचा कोच फील्डिंग योस्ट आदल्याच वर्षी स्टॅनफर्डचा कोच होता! मिशिगनच्या नील स्नोने पाच टचडाउन केले (म्हणजे 25 पॉइंट, 30 नाही), मिशिगनचे तेच अकरा जण शेवटपर्यंत खेळले, आणि आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डच्या कॅप्टननेच मॅच थांबवायला सांगितलं. त्यानंतर थेट 1916 पर्यंत रोझ बोल झालाच नाही.

चॅम्पियन कोण हा वाद मनावर घेऊ नका. त्याच वर्षी हार्वर्ड पण 12-0 होतं, म्हणजे बारा जिंकल्या, एकही हरलं नाही, दोघं एकमेकांशी खेळलेच नाहीत, आणि ही टायटल्स बऱ्याच वर्षांनी मागे वळून दिलेली आहेत.

एक सीझन जमला की पुढचे लावून बघा. 1903 ला मिनेसोटाशी 6-6 बरोबरी आहे, तिथे पुष्कळ जण चुकतात, ते 6 म्हणजे टचडाउन अधिक किक. आणि 1905 च्या नोव्हेंबरची शेवटची मॅच, शिकागो 2, मिशिगन 0. सलग 56 मॅच न हरलेली टीम एका सेफ्टीवर हरली, आणि सेफ्टीचे 2 तेव्हाही होते, आजही आहेत, त्यामुळे तेवढा एक स्कोअर आजच्या नियमाने वाचला तरी बरोबरच येतो.