शितावरून भाताची परीक्षा: माणसांवरचा विश्वास उडू लागला तर काय करावं

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना सारखीच आच लागलेली असते. माणसांच्या बाबतीत ही परीक्षा फसते ती इथेच. सकाळी मोबाइल उघडल्यावर समोर येणारं शीत कुणीतरी उचलून आणलेलं असतं, आणि उचलताना सगळ्यात करपलेलं पाहून उचललेलं असतं. वर्षभर अशीच शितं पानात पडली की अख्खा भात करपलाय असं वाटणारच.

‘माणूस मुळात वाईटच’ या निष्कर्षाला आलेल्याला ‘चांगला विचार करा’ असं सांगून काही होत नाही. तो विचार करूनच तिथवर आलेला असतो. त्याच्यापुढे येणारी शितं मात्र बदलता येतात. त्याला साधारण महिना लागतो. साहित्य फार नाही: एक शंभर पानी वही, रोज रात्रीची दहा मिनिटं, आठवड्यातले दोन-तीन तास आणि बुडाले तरी झोप उडणार नाही असे पाचशे रुपये.

सुरुवातीआधी दोन गोष्टी तपासा

पहिली: ही निराशा माणसांबद्दल आहे की सगळ्याबद्दलच? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली आहे, जेवण जात नाही, आवडीच्या कामातही मन लागत नाही, जगणंच नकोसं वाटतं, असं असेल तर ते जगाबद्दलचं मत नसून आजार असू शकतो. तिथे वही पुरणार नाही, डॉक्टरांकडे जा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

दुसरी: जखम ताजी आहे का? नुकतंच कुणी फसवलं असेल तर आधी त्या फसवणुकीचं बघा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात आणि गोठवणं अवघड होतं. मग दोन-तीन आठवडे दुःखाला दुःख म्हणून राहू द्या. ओल्या जखमेवर ‘माणसं चांगली असतात’ची पट्टी बांधली की ती आतून चिघळते.

वाक्य दुरुस्त करा

वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या मनात घोळणारं वाक्य जसंच्या तसं लिहा. बहुधा ते ‘हल्ली माणुसकीच उरली नाही’ किंवा ‘सगळे आपल्या पोळीवर तूप ओढणारे’ अशा धर्तीचं असेल. त्यातल्या ‘सगळे’, ‘कुणीच’, ‘नेहमी’, ‘हल्ली’ या शब्दांना गोल करा. मग तेच वाक्य हे शब्द न वापरता पुन्हा लिहा, त्यात तारीख, माणूस आणि रक्कम घालून. ‘लोक फसवतात’चं होतं ‘मार्चमध्ये एका ठेकेदाराने आगाऊ घेतलेले अठरा हजार परत केले नाहीत’. राग कमी होत नाही, व्हायलाही नको. पण आता तो एका माणसावर आहे आणि त्याचं काहीतरी करता येतं.

‘हल्ली’ या शब्दाकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण तो एक ‘पूर्वी’ गृहीत धरतो. कुठली पूर्वी? 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला, आणि परतताना त्यांच्यावर हल्ले झाले. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकणारे आपल्याच गावचे होते. सासऱ्यांच्या घरातून बाहेर पडावं लागल्यावर फुले दांपत्याला आपल्या घरात जागा देणारे उस्मान शेखही त्याच गावचे. दोन्ही तपशील एकाच पानावर लिहा. एकच लिहिला तर वही खोटं बोलायला लागते.

वहीचे तीन रकाने

दुसऱ्या पानापासून तीन रकाने आखा: काय घडणार होतं, मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं. मधला रकाना घटनेच्या आधी भरायचा असतो. तो नंतर भरला तर मन आपल्या सोयीचं उत्तर देतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

रोज एखादी छोटी विनंती करा आणि आधी अंदाज लिहा. अनोळखी माणसाला पत्ता विचारणं, रांगेत ‘माझी जागा धरता का’ म्हणणं, शिडीवर चढताना शेजाऱ्यांना खालून धरायला सांगणं, वाण्याला ‘वीस रुपये उद्या देते’ म्हणणं. दहा विनंत्या झाल्या की मोजा: दहापैकी किती जण मदत करतील असं वाटलं होतं, आणि किती जणांनी केली? बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा खाली निघतो. तुमचा वर निघाला तर तेही लिहा. ही मोजणी आहे, स्वतःची समजूत काढणं नव्हे.

इथे हमखास होणारी चूक अशी की लोक मोठ्या गोष्टी शोधतात आणि ‘आज काहीच घडलं नाही’ म्हणून वही मिटतात. भरलेल्या बसमध्ये पन्नासची नोट हातोहात कंडक्टरपर्यंत जाते आणि तिकीट व सुट्टे पैसे तसेच हातोहात परत येतात. मधल्या सहा अनोळखी हातांपैकी कुणी ती खिशात घालत नाही. बारा जणींची भिशी कागदावर सही न घेता वर्षभर चालते. हे लिहायचं. सवयीचं झालंय म्हणून ते दिसत नाही, आणि न दिसणारंच तर मोजायचं आहे.

बातमीचं माप

बातम्या बंद करू नका. जगाकडे पाठ फिरवून मिळालेली आशा पहिल्याच धक्क्याला जाते. माप मात्र ठरवा: दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, झोपण्याआधीचा तास सोडून. सूचनांची घंटी बंद. कौटुंबिक ग्रुपवर आलेला मारहाणीचा व्हिडिओ तारीख आणि ठिकाण कळल्याशिवाय बघू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका; पाच वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला व्हिडिओ ‘आज आपल्याकडे’ म्हणून फिरतो.

आणि आठवड्याला एक वाईट बातमी शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत म्हणजे पहिल्या दिवसाच्या पुढे: कुणी उचललं, रक्त कुणी दिलं, तक्रार कुणी लावून धरली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री झोपडपट्ट्यांतल्या आणि रस्त्याकडेच्या घरांनी अडकलेल्या अनोळखी माणसांना चहा, बिस्किटं, कोरडे कपडे, निजायला जागा दिली, दोर बांधून गाड्यांतून माणसं ओढून काढली. तो भाग ज्यांनी अनुभवला ते अजून सांगतात. फक्त त्याचा आकडा कुणी ठेवला नाही. आकडा नसलेल्या गोष्टी स्मरणातून लवकर गळतात, म्हणून वही.

ज्या पुराव्यांवर निराशा उभी असते

शिकलेल्या माणसाची निराशा सहसा दोन-तीन गाजलेल्या दाखल्यांवर टेकलेली असते. ते दाखले हातात घेऊन तपासावेत.

न्यूयॉर्कमध्ये 1964 साली किटी जेनोवीज या तरुणीचा खून झाला आणि 38 शेजारी नुसते बघत राहिले, अशी बातमी छापून आली. जगभर पिढ्यान्‌पिढ्या ती शिकवली गेली. पुढे कळलं की 38 हा आकडा निराधार होता. मोजक्याच लोकांनी हल्ला होताना काही पाहिलं होतं आणि एक शेजारीण धावत खाली जाऊन शेवटच्या क्षणी तिला कुशीत धरून बसली होती. ज्या वृत्तपत्राने ती बातमी दिली, त्यानेच 2016 मध्ये तिच्यातले दोष मान्य केले. नंतर संशोधकांनी तीन देशांतल्या शहरांमधली रस्त्यावरची 219 भांडणं कॅमेऱ्यांच्या चित्रणातून तपासली. दहापैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी निदान एकजण मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी ती शक्यता वाढत होती.

‘सापडलेलं पाकीट कुणी परत देत नाही’ हा दुसरा दाखला, तोही एका प्रयोगात तपासला गेला. 40 देशांत, भारतासह, सतराशे नव्हे, सतरा हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्यांच्या काउंटरवर देण्यात आली. पैसे नसलेली सुमारे 40 टक्के परत आली, पैसे असलेली सुमारे 51 टक्के. अर्थतज्ज्ञांनाही हा अंदाज आला नव्हता. निम्मी परत आली नाहीत हेही वहीत लिहा. ज्या आशेला हा निम्मा भाग लपवावा लागतो ती टिकत नाही.

तिसरा दाखला खराच काळा आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगात अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून 40 पैकी 26 जण समोरच्याला शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत विजेचा झटका देत गेले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. हे नाकारू नका. मात्र त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार सहसा सांगितला जात नाही: शेजारी बसलेल्या दोघांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हटलं, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी 4 उरले. तशीच खोली, तसलाच अधिकारी, आणि 26 चे 4. ‘माणूस चांगला की वाईट’ या प्रश्नात वर्षं घालवण्यापेक्षा ‘कुठल्या खोलीत, शेजारी कोण असताना’ हा प्रश्न विचारला तर हाताला काहीतरी लागतं. सोसायटीच्या बैठकीत एखाद्या भाडेकरूला जातीवरून नकार द्यायची कुजबुज सुरू झाली की पहिलं ‘नाही, हे चालणार नाही’ कुणाकडून येतं, याला या आकड्यांइतकं महत्त्व आहे.

गर्दीत मदत हवी असेल तर ‘कुणीतरी या’ म्हणू नका, बोट दाखवा: ‘निळ्या शर्टवाले दादा, 108 ला फोन लावा. ताई, तुम्ही डोकं धरा.’ आपल्यावरच जबाबदारी आहे हे कळलं की माणूस हलतो. लोक पोलिसांच्या चौकशीला घाबरून मागे राहतात, म्हणून हेही सांगा की मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134 अ नुसार अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

पाचशे रुपयांचा भरवसा

तिसऱ्या आठवड्यात थोडा भरवसा टाकायला लागा. भाजीवालीकडे दहा रुपये सुट्टे नसतील तर तिला ‘पुढच्या वेळी द्या’ म्हणा. मग पन्नासचं पुस्तक वाचायला देणं, मग शंभर-दोनशे हातउसने. एकूण बाहेर गेलेली रक्कम पाचशेच्या वर जाऊ देऊ नका. भरवसा टाकताना तो बोलून दाखवा: ‘तुमच्यावर सोडते.’ गुपचूप सापळा लावून माणूस तपासला तर समोरच्याला ते जाणवतं, आणि संशयाने वागवलेली माणसं तुटक वागतात. मग ‘बघा, म्हटलं नव्हतं’ म्हणायला आपण मोकळे.

एखादा बुडवेलच. म्हणून तर मर्यादा आधी ठरवायची. आणि अनोळखी फोनवरून ‘तुमच्या मुलाला पकडलंय, पैसे पाठवा’ असं सांगणाऱ्यावर भरवसा टाकण्याचा या सरावाशी काही संबंध नाही. समोर घाई असेल, भीती घातली जात असेल, ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं जात असेल, तर फोन ठेवा.

हात कामाला लावा

याआधीचं सगळं नजर दुरुस्त करण्यासाठी होतं. आशा टिकते ती मात्र माणसांसोबत काम करण्यानेच. काम निवडताना चार गोष्टी बघा: वेळ ठरलेली असावी, कामाला हात लागत असावेत, फळ तीन महिन्यांत डोळ्यांना दिसावं, आणि सोबतची माणसं तुमच्या वय-जात-पगाराच्या वर्तुळाबाहेरची असावीत. नुसत्या बैठका आणि फलकावरची नावं असलेली मंडळं टाळा. तिथे मानापमान आधी दिसतात आणि निराशा दुप्पट होते.

सगळ्यात सोपी सुरुवात रक्तदान. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5; पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. साधारण 350 मिलिलिटर घेतात. पोटभर नाश्ता करून जा, दोन-तीन पेले पाणी प्या. पिशवी कुणाला जाणार हे देणाऱ्याला कळत नाही. खोलीतल्या बाकीच्या खाटांवर पडलेल्यांनाही कळत नाही, आणि तरी ते आलेले असतात.

एक दिवस काढून शक्य असेल तर एखादी टिकलेली व्यवस्थाही बघून या. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड ही गावाने मिळून चालवलेली सिंचनाची पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्याचं पाणी ज्या जमिनीला मिळतं तिचे फड म्हणजे तुकडे पाडतात, एका फडात एक पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असलेल्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवायचा हे मिळून ठरतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत लावली आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथली माणसं संत नाहीत. पाणीचोर तिथेही निघतात, म्हणून तर जागल्या ठेवावा लागतो. माणूस लोभी आहे हे धरूनच नियम केले आहेत, आणि नियम करणारे त्याच गावात राहतात. तुमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून भांडणं होत असतील तर माणसांचे स्वभाव मोजण्याआधी विचारा: वाटप कोण करतं, ते सगळ्यांना दिसतं का, मोडणाऱ्याला पहिल्यांदा काय होतं, दुसऱ्यांदा काय?

घरातलं कुणी निराश असेल तर

‘माणुसकी राहिली नाही’ असं घरात कुणी म्हटलं की लगेच वाद घालू नका, उदाहरणंही ओतू नका. ‘काय झालं?’ विचारा. बऱ्याचदा मागे एखादीच गोष्ट असते: बँकेतला उद्धटपणा, भावाने न लावलेला फोन. आजी-आजोबांना दिवसभराच्या वृत्तवाहिनीऐवजी कुणी रोज जिन्यावर भेटणारं हवं असतं. दहावीतल्या मुलाला बातमी लपवलेली चालत नाही, त्याच्यासोबत ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा शोधून वाचा.

तिसाव्या दिवशी पहिल्या पानावरचं वाक्य न बघता, त्या दिवशी जे खरं वाटतं ते नव्याने लिहा, मग पहिल्याशी ताडून बघा. बदल झालेला नसेल तर मधला रकाना तपासा. बहुतेक वेळा तो रात्री, घटना होऊन गेल्यावर भरलेला निघतो. पुढच्या महिन्यात तो सकाळी भरा.